अलगद

जे जोडले गेले आहे ते कधी ना कधी सोडवावे लागतेच, आणि सोडवताना ते अलगद सुटावे, म्हणजे जे सुटले त्याला इजा नाही आणि ज्याच्यापासून सुटले त्यालाही इजा नाही, असे आपल्या प्रत्येकाला मनापासून वाटत असते. तरीही हातून घडते ते बहुधा ओढणे, हिसकणे आणि तोडणेच. असे का होते याचा विचार करण्यासाठी, वाचकहो, मी आज एक अगदी लहान जागा निवडली आहे. संगणकाचे, टीव्हीचे किंवा एखाद्या जुन्या रेडिओचे झाकण उघडले की आतल्या बोर्डावर तारांचे झुपके जिथे येऊन बसलेले दिसतात, ती प्लॅस्टिकची पांढरी-काळी लहानशी घरे, ज्यांना आपण कनेक्टर म्हणतो, ती ही जागा. वर्षानुवर्षे बसून जाम झालेला कनेक्टर, हाताशी त्याच्यासाठी घडवलेले खास हत्यार नाही, आणि समोरचा बोर्ड असा की तो पुन्हा मिळायचा नाही: या प्रसंगात ‘अलगद’ आपले सारे पदर उलगडून दाखवतो, कारण इथे स्वतःची समजूत घालून चालत नाही, काम अलगद झाले की नाही ते पुन्हा वीज दिल्यावर क्षणात कळते.

आधी हे ध्यानात घेऊ की कनेक्टर हा मुळात सुटण्यासाठीच घडवलेला बंध आहे. कायमचेच जोडायचे असते तर तार बोर्डाला थेट सोल्डर करून टाकता आली असती, आणि ते स्वस्तातही पडले असते. पण ज्याने यंत्र घडवले त्याने पुढच्या दुरुस्तीचा, बदलाचा आणि अजून न पाहिलेल्या हातांचा विचार केला, म्हणून एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला त्या पिनेला कवटाळणारी, फॉस्फर ब्राँझसारख्या लवचीक धातूची पाती अशी त्याने योजना केली. त्या पात्यांचा दाब कमी पडला तर वीज अडखळते, आणि अति झाला तर जोड सुटत नाही. या दोहोंच्या मधली जी नेमकी जागा, तिथे कनेक्टर नांदतो. म्हणजे बंधाच्या पोटातच सुटण्याची सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली असते. ही श्रद्धा ज्याच्या मनात आहे त्याचाच हात अलगद चालतो; समोरचे आपल्याला अडवायलाच बसले आहे असे ज्याला वाटते, त्याचा हात पहिल्यापासून जड पडतो, आणि जड हाताला सोय दिसत नाही, फक्त अडथळा दिसतो.

आता पहिला पदर. अलगद म्हणजे हळू, असे आपण सहज धरून चालतो, आणि इथेच पहिली फसगत होते. कारण चुकीच्या दिशेने हळूहळू ओढलेली तारही शेवटी तुटतेच, आणि योग्य दिशेने लावलेला चांगला दणकट जोरही कनेक्टरला अलगद सोडवू शकतो. जुन्या संगणकात हार्ड डिस्कला वीज पुरवणारा चार पिनांचा कनेक्टर पाहा, ज्याला बाजारात मोलेक्स म्हणतात: पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या तारा परतीच्या. त्याला खटका नाही, कडी नाही. चार जाड पिनांच्या घट्ट पकडीवरच तो बसतो, आणि काही वर्षे उष्णतेत गेली की ती पकड अशी पक्की होते की ओढून ओढून बोटे दुखू लागतात. अशा वेळी हात आपोआप तारांकडे जातो, कारण तारा धरायला सोप्या. पण तार आणि पिन यांचा मागे दाबून बसवलेला जो जोड असतो, तो वीज वाहण्यासाठी असतो, माणसाची ओढ सोसण्यासाठी नसतो, म्हणून आधी तोच निसटतो आणि कनेक्टर जागच्या जागी राहतो. जाणता हात तारा सोडून देतो, प्लॅस्टिकच्या अंगाला धरतो, पिना ज्या रेषेत आत गेल्या त्याच रेषेत त्याला बाहेर आणतो, आणि फारच अडले तर लांबीच्या दिशेने केसभर इकडे, केसभर तिकडे असे हलवत नेतो. बळ किती लावले यापेक्षा ते कोणत्या रेषेत लावले यावर अलगदपणा ठरतो. ज्या वाटेने जोडले गेले त्या वाटेचा मान राखून परत येणे, हा त्याचा पहिला अर्थ.

पण ती वाट कळायची कशी? इथे दुसरा पदर उघडतो: अलगद सोडवायचे तर कशाने धरले आहे ते आधी ओळखावे लागते. कनेक्टरमधल्या पकडी मोजक्याच असतात. एक नुसत्या घर्षणाची, जी आपण मोलेक्समध्ये पाहिली. दुसरी खटक्याची: इंटरनेटच्या केबलच्या टोकाला असलेल्या आरजे-४५ प्लगची ती चिमुकली जीभ घ्या, किंवा संगणकाच्या मदरबोर्डावर बसणारा २४ पिनांचा वीजपुरवठ्याचा कनेक्टर घ्या, ज्याच्या अंगावरच्या खटक्याचे वरचे टोक आत दाबले की खालचा आकडा बाहेर उचलला जातो. तो आकडा उचलला गेला नाही, तर चोवीस पिनांच्या घर्षणाशी झगडता झगडता आपण खरे म्हणजे एका आकड्याशीच झगडत असतो, आणि मदरबोर्ड वाकू लागतो तरी आपल्याला ते उमगत नाही. तिसरी पकड झडपेची: मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये कागदासारखी पातळ पट्टी केबल जिथे शिरते तिथे एक नाजूक झडप असते, ती नखाने वर उचलली किंवा पुढे सरकवली, की अर्ध्या मिलिमीटर अंतरावर मांडलेले सारे संपर्क एकदम मोकळे होतात आणि केबल विनासायास हातात येते. यंत्रविद्येने या जातीला ‘झिफ’ म्हणजे शून्य बळाने बसणारी असे नाव दिले आहे. पण झडप कोणती आणि कुठल्या बाजूने उघडते हे न पाहता केबल ओढली, तर शून्य बळाच्या जागी कितीही बळ अपुरे पडते, आणि फाटते ती केबल. म्हणून अलगदपणाचा पाया बोटांच्या आधी डोळ्यांत घातला जातो. भिंग घ्यावे, विजेरीचा प्रकाश तिरका पाडावा, तशाच जातीचा दुसरा रिकामा कनेक्टर भंगारात सापडला तर तो आधी उलगडून पाहावा. ज्याची पकड समजली त्याच्यावर जोर करायची गरज सहसा उरत नाही.

आता हत्याराकडे येऊ, कारण ओळख पटली तरी बोट तिथे पोचत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, सुटे भाग तिथे मिळतात. पण अमुक एका कनेक्टरसाठीच घडवलेले हत्यार हाताशी नसते, आणि एका कामासाठी ते मागवणे परवडतही नाही. अशा वेळी हत्यार कुठे मिळेल हा प्रश्न बाजूला ठेवून हत्याराचा आकार कसा असायला हवा हा प्रश्न जो विचारतो, त्याला उत्तर समोरचा बंधच देतो. मोलेक्सच्या घरातून एकटी पिन मागे काढायची आहे असे समजा. त्या पिनेच्या अंगाला दोन बारीक काटे बाहेर उमटलेले असतात आणि तेच प्लॅस्टिकच्या आतल्या कडेला अडतात. तेव्हा दोन्ही काटे एकाच वेळी आत दाबले जातील असे काहीतरी हवे, म्हणजे पिनेभोवती नेमकी बसणारी पातळ भिंतीची नळी हवी. एवढे कळले की घरात नळ्या दिसू लागतात: जुन्या रेडिओच्या एरियलमध्ये एकात एक सरकणाऱ्या नळ्या असतात, प्रत्येक वेगळ्या व्यासाची, बारीक पिनेसाठी टोक घासून सपाट केलेली इंजेक्शनची सुई चालते, आणि नळी नाहीच मिळाली तर स्टेपलरच्या दोन पिना सरळ करून दोन्ही बाजूंनी एकेक सरकवल्या, तरी काटे दबतात आणि पिन मागून अलगद बाहेर येते. रुंद कनेक्टरखाली शिरायचे तर संगणकाच्या मागच्या रिकाम्या खाचा झाकणारी, टोकाला काटकोनात वाकलेली पोलादी पट्टी उपयोगी पडते. तिची धार कानशीने बोथट करून घेतली की ती उत्तम उचलणी होते. खोल जागी एखादी कड ओढायला क्रोशाची सुई, अरुंद जागी खटका दाबायला सायकलच्या स्पोकचा ठोकून चपटा केलेला तुकडा. ही जुळवाजुळव गरिबीतून आली असे कुणी म्हणेल, पण मला तिच्यात नम्रता दिसते. कारण आपल्याकडे असलेले हत्यार बंधावर चालवण्याऐवजी बंधाला हवे तसे हत्यार घडवणे, म्हणजे आपला आग्रह खाली ठेवणे, आणि आग्रह खाली ठेवल्यावाचून अलगद काहीही होत नाही.

याच विचाराचा आणखी एक पदर आहे, तो हत्याराच्या आकाराचा नाही, हत्याराच्या कठीणपणाचा आहे. बोर्डावर रंगाच्या पातळ थराखाली तांब्याच्या रेषा धावत असतात, आणि पोलादी स्क्रू ड्रायव्हर तिरका घालून उचलायला गेले की त्याचे टोक पहिल्यांदा त्या रेषांवर टेकते. कनेक्टर सुटतो, पण खाली एक रेष तुटलेली राहते, आणि तो दोष मग कितीतरी तास शोधूनही सापडत नाही. म्हणून जाणते लोक सांगतात की ज्याला स्पर्श करायचा त्याच्यापेक्षा हत्यार मऊ असावे. बांबूची तासलेली कामटी, मुदत संपलेले बँकेचे प्लॅस्टिक कार्ड, जुन्या टूथब्रशचा कानशीने पाचरीसारखा केलेला दांडा, आणि काही जागी आपले स्वतःचे नख, ही सारी हत्यारे एका गोष्टीत सारखी आहेत: जोर मर्यादेबाहेर गेला तर आधी ती मोडतात. धातूच वापरणे भाग पडले तर त्याच्याखाली कार्डाचा तुकडा ठेवावा, म्हणजे टेकू बोर्डावर न पडता कार्डावर पडतो. मोडायचेच असेल तर आपण मोडावे, समोरच्याला धक्का लागू नये, ही वृत्ती हत्यारात उतरवता येते हे पाहून मन भरून येते. सेवेची जी व्याख्या आपण संतांकडून ऐकत आलो, ती इथे बांबूच्या कामटीत पाळली जाते, आणि अलगद या गुणाला करुणेचा ओलावा याच ठिकाणी लाभतो.

पुढचा पदर समतेचा. दुहेरी रांगेत पिना असलेली, सॉकेटमध्ये बसवलेली आयसी, म्हणजे चिप, काढताना एका टोकाखाली पाचर घालून ते टोक उचलले, की ते टोक मोकळे होते आणि दुसऱ्या टोकाच्या पिना वाकतात. जुन्या हार्ड डिस्कच्या चाळीस पिनांच्या पट्टी केबलचेही तसेच. एक बाजू सुटल्याचा आनंद होतो त्याच क्षणी दुसरी बाजू दुखावलेली असते. म्हणून थोडे या टोकाला, थोडे त्या टोकाला, पुन्हा या टोकाला, असे बोर्डाशी समांतर ठेवत वर आणायचे असते. चौकोनी आयसीच्या चारही अंगांना पाय असतात, तिथे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आकडे घालून एकदम उचलावे लागते, आणि ते आकडे दोन सेफ्टी पिना वाकवूनही करता येतात. समतेचे सर्वांत साधे हत्यार मात्र कापडाची फीत आहे. जुन्या रेडिओत सेल बसवण्याच्या जागी एक फीत असे; सेल तिच्यावर बसत, आणि फीत ओढली की ते सरळ वर येत. लॅपटॉपमधल्या कित्येक कनेक्टरांना कारखान्यातच अशी ओढायची पट्टी चिकटवलेली असते. जिथे ती नाही तिथे शक्य असेल तर बारीक नाडी कनेक्टरच्या दोन्ही कानांखालून ओवून घ्यावी आणि दोन्ही टोके एकत्र धरून सरळ वर उचलावे, म्हणजे ओढ आपोआप दोन्हीकडे सारखी वाटली जाते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाचे वर्णन समत्व म्हणूनही केले आहे आणि कर्मातले कौशल्य म्हणूनही केले आहे. ही दोन वर्णने एकत्र का यावीत, हे ज्याने चाळीस पिनांपैकी एकही न वाकवता कनेक्टर काढला त्याला वेगळे सांगावे लागत नाही. अलगद हे समत्व आणि कौशल्य यांचे हातांतले रूप आहे.

आतापर्यंत आपण करण्याचा विचार केला. आता थांबण्याचा करू, कारण अलगदपणाचा मोठा भाग न करण्यात असतो. कनेक्टर जाम होतो तो एका दिवसात होत नाही. हवेतल्या ओलाव्याने धातूवर पुटे चढतात, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ती लवकर चढतात, धूळ आणि तेल मिळून खटक्यामागे घट्ट लगदा होतो, आणि उष्णतेने कोरडे पडलेले नायलॉन ठिसूळ बनते. वर्षांनी जे घट्ट केले ते सैल व्हायला थोडा वेळ मागते, आणि तो वेळ देणे हेही एक हत्यारच आहे. आधी ब्लोअरने धूळ काढावी. मग कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणतात, कडेने थेंब थेंब सोडावे आणि ते आत झिरपेपर्यंत हात आवरावा. खटका ठिसूळ वाटला तर हेअर ड्रायरच्या सौम्य उबेने तो थोडा नरम होतो आणि दाबल्यावर मोडण्याऐवजी वाकतो; पण जवळपास आयपीए ओले असताना गरम हवा कधीही लावू नये, कारण ते चटकन पेट घेते. उतावळेपणाने अ‍ॅसिटोन ओतले तर पुटे निघण्याआधी कित्येक जातींचे प्लॅस्टिकच विरघळते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. सर्वांत सुंदर उदाहरण कारखान्यात कनेक्टरवर ओतलेल्या गरम डिंकाचे, म्हणजे हॉट ग्लूचे. तो चाकूने खरवडला तर तारा कापल्या जातात, ओढला तर कनेक्टरसकट निघतो. पण त्याच्या कडेला आयपीएचे थेंब सोडून थोडे थांबले, तर डिंक तसाच अखंड राहतो आणि ज्या पृष्ठाला चिकटला होता त्याच्यावरचा त्याचा ताबा मात्र सुटतो, आणि अख्खा गोळा अलगद उचलता येतो. डिंक नाहीसा करावा लागला नाही, फक्त त्याची आसक्ती सैल झाली. ज्याने हे एकदा हाताने केले त्याला वैराग्याचा अर्थ समजावून घ्यायला फार दूर जावे लागत नाही.

स्पर्शापूर्वीची शांतताही या थांबण्यातच येते, आणि ती थोडक्यात सांगितली तरी तिचे महत्त्व थोडे नाही. वीज बंद करणे पुरेसे नसते. आपल्याकडच्या २३० व्होल्टांवर चालणाऱ्या एसएमपीएसमधले, म्हणजे यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या भागातले, मोठे कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत भारलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहू शकतात, म्हणून ते उतरले आहेत याची मीटरने खात्री करावी. लॅपटॉपमध्ये पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. अंगातली स्थिर वीज जमिनीला द्यावी. कोणती तार कुठे होती याचे छायाचित्र काढून ठेवावे. जो आत ताण ठेवून बंध सोडवायला जातो त्याचे सुटणे अलगद होऊच शकत नाही, हे विजेच्या बाबतीत जितके अक्षरशः खरे आहे तितकेच मनाच्याही बाबतीत खरे आहे.

हे सारे गुण एका ठिकाणी, मोठ्या कसोटीवर कसे उतरतात ते पाहायचे असेल तर मार्च २००२ मधला एक प्रसंग आठवावा. हबल ही अवकाश दुर्बीण १९९० पासून पृथ्वीभोवती फिरत होती, आणि तिच्या सर्व उपकरणांना वीज वाटून देणारा नियंत्रक बदलणे आवश्यक झाले होते. पण हा भाग कक्षेत असताना कधी बदलावा लागेल असे तो घडवताना योजलेलेच नव्हते. त्याला ३६ कनेक्टर जोडलेले होते, दाटीने, आणि ते सोडवायचे होते अंतराळवीराच्या जाड हातमोज्यांतल्या बोटांनी. त्यासाठी हबलची वीज उड्डाणानंतर पहिल्यांदाच पूर्ण बंद करावी लागली. कनेक्टर सोडवून नवा नियंत्रक वेळेत जोडला गेला नसता तर अवकाशातल्या थंडीने दुर्बीण निकामी होण्याची भीती होती. कोलंबिया यानातून गेलेले जॉन ग्रन्सफेल्ड आणि रिचर्ड लिनेहन यांनी हे काम केले, आणि त्यामागे ह्यूस्टनच्या प्रचंड जलाशयात पाण्याखाली केलेला दीर्घ सराव होता. घाईची सर्व कारणे समोर असताना एकेक कनेक्टर त्याच्या त्याच्या रेषेत सोडवला गेला आणि एकेक पुन्हा बसवला गेला. वीज परत दिली, आणि हबल जागी झाली. ती त्यानंतरही वर्षानुवर्षे विश्वाची छायाचित्रे पाठवीत राहिली. वेळ कमी असतो तेव्हा अलगदपणा परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा: वेळ कमी होता म्हणूनच तिथे दुसरे काहीही परवडणारे नव्हते.

आता आपण या चिंतनाच्या गाभ्याशी येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या ५९ व्या सूक्ताच्या अखेरीस असलेला मंत्र, ज्याला आपण महामृत्युंजय म्हणून ओळखतो, मृत्यूच्या बंधनातून सुटण्याची प्रार्थना करतो. आणि त्या सुटण्याचे स्वरूप सांगताना ऋषी काकडीच्या देठाकडे पाहतो. काकडी पिकली की देठ तिला आपणहून सोडतो. वेल फाटत नाही, फळाला जखम होत नाही. ऋषीने मोकळे होणे मागितले आणि त्याचबरोबर ते कसे व्हावे हेही मागितले, हे फार विचार करण्याजोगे आहे. कारण सुटणे तर सगळ्यांच्याच वाट्याला येणार आहे, अलगद सुटणे मात्र मागावे लागते आणि त्यासाठी पिकावे लागते. आपल्या आयुष्यातल्या बंधांकडे या दृष्टीने पाहा. काही बंध खटक्याचे असतात: दोन भावांमध्ये वाटणीवरून वर्षे गेलेली असतात, शेत, घर, विहीर यांवर सारा जोर लावून झालेला असतो, आणि अडलेले असते ते एका न उच्चारलेल्या क्षमेच्या शब्दाशी, तो एक खटका दाबला की वाटणीही होते आणि भाऊपणही राहते. काही बंध घर्षणाचे असतात, सवयीचे, ज्यांना कुठेच कडी नसते; त्यांना रोज थोडे इकडे, थोडे तिकडे असे हलवत, ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने परत न्यावे लागते. आणि काही बंध डिंकाचे असतात, कर्तेपणाचे, ‘माझ्यावाचून चालणार नाही’ या भावनेचे. ते खरवडून निघत नाहीत, त्यांच्या कडेला नामस्मरणाचे थेंब सोडून थांबावे लागते. कोणता बंध कोणत्या जातीचा हे न ओळखता जो सगळ्यांना सारखेच ओढतो, तो संन्यास घेऊनही रक्तबंबाळ राहतो. आणि जो ओळखतो तो संसारात राहूनही अलगद होत जातो.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर विचार अपुरा राहील. पहिली ही की अलगद सोडवण्याचीही किंमत मोजावी लागते. लॅपटॉपच्या वायफाय कार्डावर बसणारे जे चिमुकले, गोल, तांदळाच्या दाण्याहूनही ठेंगणे कनेक्टर असतात, ज्यांना यू.एफएल म्हणतात, त्यांची जपानी निर्माती कंपनी हिरोसे त्यांना केवळ ३० वेळा जोडण्या-सोडण्याइतकेच आयुष्य सांगते. कितीही सरळ वर उचलले तरी प्रत्येक वेळी पकड थोडी थोडी झिजतच असते. म्हणून विनाकारण सोडवू नये. ज्याला अलगद सोडवता येते त्याने कधी सोडवू नये हेही शिकले पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. कधी कधी कनेक्टर कोणत्याही उपायाने सुटत नाही, आणि कुणाला तरी इजा होणारच असते. तेव्हा इजा कुणी सोसावी हे ठरवणे हाच अलगदपणा उरतो. केबलच्या बाजूचे प्लॅस्टिकचे घर काही रुपयांत पुन्हा मिळते, बोर्डावरचा सॉकेट मिळत नाही. तेव्हा बारीक कटरने केबलकडचे घर तुकड्यातुकड्याने कापून काढावे आणि सॉकेटच्या पिना तशाच सरळ राखाव्यात. इथे तोडणे आहे, पण ते रागाने झालेले नाही, विवेकाने झालेले आहे. काय जपायचे ते पक्के ठाऊक असलेल्या हाताने केलेला छेदही त्या अर्थाने अलगदच असतो, आणि शल्यवैद्याचा हात याची साक्ष देईल.

मग अलगद सुटले याची खूण कोणती? कनेक्टर हातात आला ही खूण नव्हे. तो तर हिसकूनही येतो. खूण ही की सुटलेले पुन्हा जोडता यावे, आणि जोडल्यावर वीज पूर्वीसारखीच अडखळल्यावाचून वाहावी. पाती सैल झालेली नाहीत, खटका शाबूत आहे, पिना रांगेत उभ्या आहेत, पुन्हा भेट होण्यासारखे सगळे जागेवर आहे. घरातून बाहेर पडलेला मुलगा, संस्थेतून निवृत्त झालेला कार्यकर्ता, मतभेद होऊन दूर झालेले दोन मित्र, या सर्वांच्या दूर होण्याला हीच कसोटी लावून पाहावी: उद्या गरज पडली तर हे पुन्हा एकमेकांना जोडले जाऊ शकतील का? उत्तर ‘हो’ असेल तर ते अलगद सुटले, मग मधले अंतर कितीही असो.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी जाम झालेला एखादा कनेक्टर समोर येईल आणि बोटे चिडून तारांकडे वळतील, तेव्हा हात मागे घ्या आणि तीन प्रश्न क्रमाने विचारा: याला कशाने धरले आहे, तो कोणत्या वाटेने आत गेला होता, आणि ही पकड सैल होण्यासाठी मी कोणता आकार, कोणता मऊपणा आणि किती वेळ द्यायला तयार आहे. हा सराव आधी भंगारातल्या निकामी बोर्डावर करा, जिथे चूक झाली तरी कुणाचे काही जात नाही. जे तिथे बोटांना कळेल ते जपून ठेवा. मनुष्याला परमेश्वराने बोटांत एवढी सूक्ष्म जाण दिली आहे ती केवळ धरण्यासाठी दिली असेल असे मला वाटत नाही. धरलेले नीट ठेवण्यासाठी आणि वेळ आली की ज्याचे त्याला अखंड परत करण्यासाठीही ती दिलेली आहे. हे परत करणे शिकण्याची संधी रोज, अगदी लहान कामांतही येते, आणि तिला लहान न समजणे यातच साधकाचे मोठेपण आहे.